बोरसे साहेबांचा शेगडा

बोरसे साहेब कुणाच्याही घरी चहाला गेले की कप तोंडाला लावायच्या आधी बशी उलटी करून बघायचे. बशीच्या पाठीवर त्यांना काय सापडायचं ते देव जाणे, पण चेहरा असा करायचे की घरच्या बाईला आपलं काहीतरी उघडं पडल्यासारखं व्हावं. मग सावकाश चहा प्यायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. सुधारणेस वाव आहे."

हे वाक्य त्यांना नोकरीनं दिलेलं. ते शाळा तपासायचे. खेड्यापाड्यांतले मास्तर त्यांना 'दिपोटी साहेब' म्हणायचे, आणि एसटीतून ते उतरताना दिसले की पोरांच्या आधी मास्तरांना घाम फुटायचा. मी तेव्हा जळगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आमचं बिऱ्हाड एका मारवाडी शेठजींच्या चाळीत, बोरसे साहेबांच्या भिंतीला भिंत लावून होतं. त्यामुळे हा माणूस मला शाळेतही भोगावा लागला आणि घरीही.

शाळेत ते आले त्या दिवशी मी वर्गात खानदेशचा हातानं काढलेला मोठा नकाशा लावला होता. मुलींनी रविवार खर्ची घालून रंगवलेला. साहेबांनी तो खिळ्यावरून उतरवला, आधी पाठ बघितली, मग पोट बघितलं. मुली श्वास रोखून उभ्या. "तापी पुसट आहे," ते म्हणाले. "सुरुवातीला ठीक आहे, भुसावळच्या पुढे आत्मविश्वास गेलेला दिसतो." आणि नकाशा टेबलावर टाकून पुढच्या वर्गात गेले. अमळनेरच्या बाजूची नदी रंगवणारी मुलगी दिवसभर रडत होती.

लोक म्हणायचे, माणूस कडक आहे पण स्वच्छ आहे. खरं आहे ते. तपासणीच्या गावी ते मास्तरांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. असोद्याच्या एका मास्तरांनी वडिलांच्या हाती केळ्यांचा घड घरी पाठवला, तर तो त्यांनी सबंध चाळीदेखत परत पाठवला, आणि आणणाऱ्या म्हाताऱ्याला ओट्यावर उभं करून नीतीवर बोलले. म्हातारा बिचारा शेतातली पहिली केळी म्हणून घेऊन आला होता. लाच न घेणं हे या माणसानं दुसऱ्याला मारायच्या छडीसारखं वापरलं.

त्यांच्या बायकोला सगळे इंदूवहिनी म्हणत. माहेर अमळनेरचं. लग्नाआधी त्या शिवणकामाचा कोर्स करायला एकट्या पुण्याला राहून आल्या होत्या, आणि त्या काळात आमच्याकडे हे पुष्कळ होतं. मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीखाली त्यांचं शिलाई मशीन असायचं आणि दुपारी आसपासच्या मुली शिकायला यायच्या. भिंतीतून मशीनचा आवाज आणि मुलींचं हसणं ऐकू यायचं. साहेब दौऱ्यावरून आले की दोन्ही थांबायचं.

सगळं सुरू झालं ते खाटेवरून. सुपडू मिस्तरी म्हणून एक सुतार होता, धुळ्याकडचा, बोलायला फटकळ. त्याच्याकडून साहेबांनी सागाची खाट करून घेतली. खाट आली, साहेबांनी ती आडवी करून खालून बघितली, सरळ केली, बसले आणि उठले.

"डुलतेय."

"सायेब, जमीन वरखाले शे," सुपडू म्हणाला. "खाट नही."

"जमिनीचं नाव सांगू नकोस. पायानं लाकूड धरून काम करता तुम्ही. पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि वरून करवत चालवायची. माकडं धरतात तशी. कशी सरळ येईल खाट?"

सुपडूनं खाट डोक्यावर घेतली आणि निघून गेला. त्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं की यापुढे घरातलं सगळं लाकूडकाम ते स्वतः करणार. खाट, कपाट, टेबल, सगळं. इंदूवहिनींची कंबर तेव्हाच धरायला लागली होती. त्यांनी विचारलं, "तोवर झोपायचं कुठे?" साहेब म्हणाले, "तोवर खाली झोपू. घाई केली की सुपडू होतो."

आणि खाटेला हात घालायच्या आधी, म्हणाले, सुतारी टेबल पाहिजे. सुतार जमिनीवर बसून काम करतो म्हणून त्याचं काम जमिनीच्या लायकीचं होतं, हा त्यांचा सिद्धांत. कुठल्याशा अध्यापक विद्यालयात त्यांनी एक जुनं विलायती टेबल पाहिलं होतं, त्याला दोन बाजूंना दोन शेगडे बसवलेले. शेगडा म्हणजे लाकूड घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. दांडा फिरवला की मिटतो, उलटा फिरवला की उघडतो. हे आम्हाला सगळ्यांना पाठ झालं होतं, कारण चाळीतल्या प्रत्येक माणसाला ते ओट्यावर थांबवून समजावून सांगायचे.

बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या तुळया त्यांनी मिळवल्या. जुना साग, दगडासारखा. टेबल पुढच्या खोलीतच उभं राहिलं, कारण उजेड तिथेच होता. मशीन मागच्या पडवीत गेलं, पाण्याच्या पिंपाशेजारी. तिथे दुपारीसुद्धा सुईत दोरा ओवायला डोळे फोडावे लागायचे. मुली काही दिवस आल्या. मग एकेक करून यायच्या थांबल्या. मी वहिनींना म्हटलं, माझ्या ओट्यावर बसत जा. त्या म्हणाल्या, "नको बाई, त्यांना वाटेल मी चाळीला दाखवायला बसते."

टेबल झालं. खरं सांगायचं तर चांगलं झालं. हलवून हलेना. आता खाट होईल असं सगळ्यांना वाटलं. पण मुंबईहून शेगडे आले, आणि मग जे चाललं त्याला नाव नाही.

शेगड्याचं तोंड टेबलाच्या वरच्या फळीशी अगदी बरोबर यायला हवं. वर आलं तर रंधा त्याच्यावर आपटतो, खाली गेलं तर पकड कमी. म्हणून टेबलाच्या पोटातून लाकूड कोरायचं. साहेबांनी कोरलं, शेगडा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "वर आहे." काढला. आणखी कोरलं. लावला. "खाली गेला." काढला. मग खाली फळीचे पातळ तुकडे घालून उचलला. मग तो एका बाजूला उचलला गेला. रविवार रविवार करत उन्हाळा गेला. जळगावचा उन्हाळा, पत्रे तापलेले, सगळी चाळ ओल्या चादरी लावून पडलेली, आणि हा गृहस्थ टेबलाखाली उताणा पडून बोल्ट पिळतोय. इंदूवहिनी वाकून पाना द्यायच्या. "हा नव्हे." दुसरा द्यायच्या. "बघून देत जा."

एकदा सुपडू मिस्तरी शेठजींच्या दुकानाची फळी बसवायला आला आणि मुद्दाम डोकावला. दोन्ही शेगडे तेव्हा लागलेले होते. त्यानं टेबलाला चक्कर मारली, दांडा फिरवून बघितला, त्याच्या तोंडावर हसू मावेना.

"सायेब, बठ्ठं झकास शे. पन यावर बनाडशात काय?"

"आधी साधन, मग वस्तू," साहेब म्हणाले. "हे तुला या जन्मात समजायचं नाही."

"माले समजी गयं," सुपडू म्हणाला. "ती खाट मी माझ्या मेव्हण्याले दिधी. त्याले तिच्यावर पोर्‍या बी झाया."

चाळ हसली. साहेबांनी दार लावून घेतलं.

आता राहिलं होतं जबड्यांना आतून अस्तर लावणं. लोखंड लाकडात रुततं म्हणून आत फळ्या बसवतात. साहेबांनी आंब्याच्या बसवल्या आणि काढल्या. आंबा म्हणजे खोक्याचं लाकूड. शिसवीच्या बसवल्या. स्क्रूची डोकी इतकी खोल बुडवली की बोटाला लागू नयेत. जबडे मिटले की आधी वरच्या काठाला टेकायला हवेत, म्हणून त्या फळ्या तासल्या, परत बसवल्या, दिव्यासमोर धरून फट शोधली. फट मिळाली की त्यांना बरं वाटायचं. मला तर वाटतं, ती मिळाली नसती तर ते आजारी पडले असते.

आणि शिसवीवर चामडं. चांभाराकडचं आणलं तर त्याची जाडी सारखी नव्हती. दुसऱ्याकडचं आणलं तर त्याला वास येत होता. "या गावात एक माणूस एक गोष्ट नीट करत नाही," असं ते मला ओट्यावरून म्हणाले, जसं काही तो चांभार मीच होते.

त्या सुमारास इंदूवहिनी अमळनेरला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या. कापडी पिशवीत दोन लुगडी घालून गेल्या. परत आल्या तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. साहेब दारातच उभे, आणि खुशीत. त्यांना खुशीत पाहिल्याचा हा एकच प्रसंग मला आठवतो.

"ये, ये. बाई, तुम्हीही या. पाहा."

आम्ही दोघी आत गेलो. साहेबांनी काचेचा पेला घेतला, शेगड्याच्या जबड्यात धरला आणि दांडा हळूहळू फिरवला. पेला पक्का बसला. त्यांनी टिचकी मारली. तो वाजला, पण हलला नाही.

"फुटला नाही. ओरखडा नाही. याला म्हणतात अस्तर."

जबड्याच्या आत तपकिरी, मऊ, वापरून गुळगुळीत झालेलं चामडं होतं. एका कोपऱ्यात शिवण उसवलेल्या भोकांची रांग दिसत होती. इंदूवहिनी त्या रांगेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं.

"ही माझी बॅग आहे," त्या म्हणाल्या.

पुण्याला कोर्सला जाताना त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेली चामडी बॅग. मी ती पाहिली होती. दिवाळीच्या साफसफाईत वहिनी ती उतरवायच्या, तेलाच्या बोटानं पुसायच्या आणि पुन्हा वर ठेवायच्या.

"धूळ खात पडली होती," साहेब म्हणाले. "इतकं चांगलं चामडं. जाडी बघ, एकसारखी."

"विचारायचं तरी."

"काय विचारायचं? तुला कुठे जायचं होतं?"

टेबलाखाली बॅगेचा मूठ असलेला तुकडा आणि पितळी कडी पडली होती. वहिनींनी ती उचलली, पदरानं पुसली आणि आत गेल्या. साहेबांनी दांडा उलटा फिरवून पेला सोडवला, उजेडात धरून बघितला, आणि मला म्हणाले, "पाहा ना, खरंच एक ओरखडा नाही."

अशा माणसांबद्दल शेवटी 'मनानं वाईट नव्हता' असं लिहायची पद्धत आहे. लहानपणी गरिबी होती, बाप मारायचा, असंही कुणीतरी सांगतं. बोरसे साहेबांबद्दलही सांगायचे. गरिबी आमच्या चाळीत सगळ्यांच्याच लहानपणी होती. कुणी बायकोची बॅग कापली नाही.

त्यानंतर खाट झाली असं समजू नका. शेगड्यांवर तेलाचं फडकं फिरत राहिलं, वहिनी जमिनीवर झोपत राहिल्या. फरक एवढाच की त्या आता कुठला पाना मागितला तर जागच्या उठायच्या नाहीत. "तिथेच आहे," म्हणायच्या. आणि मागच्या पडवीतून भिंतीपलीकडे मशीनचा आवाज पुन्हा यायला लागला. साहेब घरात असतानाही.

मग साहेबांना बढती मिळाली आणि धुळ्याला बदली झाली. सामान बांधायला घेतलं. आणि तेव्हा, ज्या माणसानं टेबलाचा प्रत्येक कोपरा गुण्या लावून तपासला होता, त्याच्या लक्षात आलं की त्यानं खोलीचं दार कधी मोजलं नव्हतं. टेबल उभं, आडवं, तिरपं, कसंही दारातून जाईना. सांधे सरसानं आणि पाचरांनी असे बसवलेले की सुटायचे नाहीत. साहेब शेठजींकडे गेले आणि दाराची चौकट काढून द्या म्हणाले.

शेठजी शांत माणूस. गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, चौकट आमच्या वडिलांनी बसवलेली. तुम्ही आलात तेव्हा तिथेच होती ना?"

सुपडूला बोलवा, तो पाय कापून देईल, असं कुणीतरी सुचवलं. साहेबांनी त्या माणसाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. शेवटी त्यांनी दोन्ही शेगडे खोलले, गोणपाटात गुंडाळले आणि स्वतःच्या बिछान्यात बांधले.

निघायच्या सकाळी ट्रक दारात उभा होता. भांडी चढली, ट्रंका चढल्या. हमाल मशीन उचलायला पडवीत गेला तर वहिनींनी त्याला थांबवलं. मग पुढच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या,

"मशीन राहू दे. मी येत नाही."

साहेब दोरी आवळत होते. "म्हणजे?"

"मुली येतात आता पुन्हा. शाळेच्या गणवेशाचं काम मिळतंय. शेठजींशी बोलले मी, खोली राहील माझ्याकडे. आणि टेबल इथेच राहतंय, तर कापायला चांगलं आहे."

चाळीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात होत्या. कुणाचीच हालचाल नव्हती. एका बाईनं नवऱ्याला सगळ्यांसमोर 'मी येत नाही' म्हणणं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हा ओरडेल, किंवा हात उगारेल, किंवा निदान काकुळतीला येईल. काहीतरी माणसासारखं करेल.

साहेबांनी दोरी खाली ठेवली. टेबलावरून तळहात फिरवला.

"या टेबलावर तू कापड कापणार?"

"हो."

"कात्रीचं टोक लागेल. ओरखडे पडतील."

"पडतील," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावरचा कुणाच्या तरी बोटांचा डाग पुसला आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. ट्रक हलला तेव्हा ते मागे वळून बघत होते. कशाकडे, ते विचारू नका.

वहिनींनी त्याच आठवड्यात मशीन खिडकीखाली आणलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुली उभ्या राहून कापायला शिकू लागल्या. शेगड्यांसाठी कोरलेल्या खाचांत त्यांनी खडू आणि टेपा ठेवल्या. सुपडूकडून खाट करून घेतली. ती डुलायची. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली की डुलायची थांबायची.

साहेब सुरुवातीला महिन्यातून एकदा येत. पाहुण्यासारखे खुर्चीवर बसत आणि टेबलाकडे बघत. मग येणं कमी झालं. भांडण असं कधी ऐकू आलं नाही. वहिनी त्यांच्याबद्दल वाईट बोलायच्या नाहीत, चांगलंही बोलायच्या नाहीत. विषय निघाला तर टाचणी तोंडात धरायच्या.

नंतर एका वर्षी मला शिक्षकांच्या शिबिराला धुळ्याला जावं लागलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "जमलं तर जाऊन या. जेवतात की नाही तेवढं बघा." मला जायची मुळीच इच्छा नव्हती. पण वहिनींनी कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून शिबिराच्या शेवटच्या दुपारी पत्ता शोधत गेले.

पांझरेच्या काठाकडच्या एका गल्लीत तळमजल्याची खोली होती. दार उघडं होतं. खोलीत एक कॉट, एक कंदील, आणि जवळजवळ सगळी जागा व्यापून नवीन सुतारी टेबल. हे बोल्टांनी जोडलेलं, सुटं करता येण्यासारखं. दोन्ही शेगडे त्याला लावलेले होते.

साहेब गंजिफ्रॉकवर होते. बारीक झाले होते, चष्मा आला होता. त्यांनी आपला शर्ट शेगड्याच्या जबड्यात ताणून धरला होता आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याला गुंडी लावत होते.

मला बघून ते दचकले, पण लगेच सावरले. "या बाई. इथले शिंपी अगदीच टाकाऊ. गुंडी लावतात ती धुण्यात निघते."

"द्या इकडे, मी लावते."

"नको. तुमचाही टाका सरळ येत नसेल."

मी उभीच राहिले. बसायला त्यांनी सांगितलं नाही, आणि बसायला जागाही नव्हती. जेवणाचं विचारलं. खानावळीत जातो म्हणाले, तिथली आमटी जनावरांनी प्यायची आहे म्हणाले. मग सुई तशीच धरून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"टेबल कसं आहे?"

"ओरखडे पडलेत," मी म्हटलं. "पुष्कळ."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता हा माणूस तिचं नाव घेईल. मी अगदी वाट बघत उभी होते. ते म्हणाले, "पडणारच," आणि सुई पुन्हा कापडात घातली.

मी येते म्हणून निघाले. गल्लीत येऊन खिडकीवरून जाताना आत नजर गेली. गुंडी लावून झाली होती. साहेबांनी दात लावून दोरा तोडला, दांडा फिरवून जबडा सैल केला आणि शर्ट काढून समोर धरला. त्यांनी गुंडी शर्टाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पदरांतून एकत्र शिवली होती. शर्ट उघडेना. त्यांनी तो ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मग कोनाड्यातलं ब्लेड घेतलं, खिडकीकडे पाठ केली आणि एकेक टाका उसवायला लागले.